सदोष हायड्रोफोनवरून डॉल्फिनच्या शिट्टीची जागा ठरवता येईल का?

खाडीमुख

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण मोजमाप कसे झाले हे सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर, एका खाडीच्या मुखाबाहेर सुमारे १२ मीटर पाण्यात, गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही चार हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारे मायक्रोफोन, सहा दिवस ठेवले होते. या भागात हम्पबॅक डॉल्फिन नियमित दिसतात. ते खाडीच्या मुखाशी कोणत्या बाजूने येतात आणि मासेमारीच्या होड्या आल्या की कोठे सरकतात, हे त्यांच्या शिट्ट्यांवरून कळते का, हे आम्हांला पाहायचे होते. होडीतून डोळ्यांनी पाहिले तर ते वर येतात तेवढाच क्षण दिसतात आणि आपली होडी जवळ गेल्यामुळे त्यांचे वागणे बदलते, म्हणून आवाजाचा मार्ग निवडला.

चारही यंत्रे स्वतंत्र आहेत. प्रत्येकात स्वतःची बॅटरी, स्वतःचे घड्याळ आणि सेकंदाला ९६,००० नमुने घेणारा रेकॉर्डर आहे. तळाशी सिमेंटचा ठोकळा, त्याला तीन मीटर दोर, दोराच्या टोकाला बोया आणि बोयाच्या खाली हायड्रोफोन अशी मांडणी होती. चौघांचा मिळून साधारण २०० मीटर बाजूचा चौरस होतो. होडीवरून ठोकळा सोडला त्या क्षणी जीपीएसवर जी जागा दिसली, तीच आम्ही हायड्रोफोनची जागा मानली. पाण्यात सोडण्यापूर्वी चारही घड्याळे जीपीएसच्या वेळेशी जुळवली होती.

यंत्रे ठेवल्यावर चार तासांनी आम्ही होडीतून पाण्याखालचा स्पीकर सोडला आणि चौरसाच्या आत व बाहेर मिळून २४ ठिकाणी ५ ते १५ किलोहर्ट्झ चढत जाणारा एक सेकंदाचा आवाज वाजवला. प्रत्येक ठिकाण जीपीएसवर नोंदले. शेवटच्या दिवशी, यंत्रे काढण्यापूर्वी, असाच आवाज आणखी आठ ठिकाणी केला. ध्वनीचा वेग सेकंदाला १,५०० मीटर धरून, चार हायड्रोफोनवर आवाज पोहोचण्याच्या वेळांमधील फरकांवरून जागा काढली, तेव्हा पहिल्या दिवशीच्या २४ ठिकाणांपैकी चौरसाच्या आतील ठिकाणे ३५ ते ४० मीटरने चुकली, आणि ती सर्व जवळजवळ एकाच बाजूला, नैर्ऋत्येकडे, ओढली गेली. चौरसाच्या मध्यापासून ६०० मीटरवर असलेल्या ठिकाणांची उत्तरे तर २०० ते ३०० मीटर इकडेतिकडे गेली.

आमचा संशय तिसऱ्या हायड्रोफोनवर आहे. त्याची केबल सोडतानाच दबली होती आणि तो इतरांपेक्षा ६ डेसिबलने कमी ऐकतो. त्याची नोंद वगळावी का? वगळली तर उरलेल्या तिघांवर भागेल का? मोहीम पुन्हा करण्याइतके पैसे नाहीत, त्यामुळे जे हाती आहे त्यातून प्रामाणिकपणे काय सांगता येईल, हे जाणून घ्यायचे आहे. यंत्रे परत आल्यावर चारही एकत्र ठेवून शेजारी लोखंडी सळईवर हातोडीचा ठोका मारला होता. तो पहिल्या यंत्राच्या तुलनेत दुसऱ्यावर ०.३१ सेकंद, तिसऱ्यावर ०.१२ सेकंद आणि चौथ्यावर ०.५४ सेकंद सरकलेला दिसला. सहा दिवसांत अर्धा सेकंद म्हणजे फारसे नाही, असे वाटल्यामुळे त्याकडे लक्ष दिले नाही.

अपास्त

तुम्ही ज्याच्यावर संशय घेता तो तिसरा हायड्रोफोन या प्रकरणात जवळजवळ निर्दोष आहे, आणि ज्या अर्ध्या सेकंदाकडे तुम्ही लक्ष दिले नाही तोच मुख्य दोषी आहे.

आधी संवेदनशीलतेविषयी. आवाज पोहोचण्याच्या वेळेतील फरक आपण दोन नोंदींच्या सहसंबंधावरून काढतो, म्हणजे एक नोंद दुसरीवर सरकवत ती कोठे सर्वांत जास्त जुळते हे पाहतो. एक नोंद दुसरीच्या निम्म्या उंचीची असली तरी सहसंबंधाचे शिखर त्याच जागी येते, फक्त बुटके दिसते. ६ डेसिबल कमी म्हणजे निम्मा व्होल्टेज. त्यामुळे दूरच्या, क्षीण शिट्ट्या त्या यंत्रावर गोंगाटात बुडतील आणि त्याची श्रवणकक्षा घटेल, पण ज्या शिट्ट्या त्याने ऐकल्या त्यांची वेळ त्यामुळे चुकत नाही. त्याला वगळणे तोट्याचे आहे. चार हायड्रोफोनवरून तीन स्वतंत्र वेळफरक मिळतात आणि पाण्याच्या पृष्ठावरील जागेचे अज्ञात दोनच असतात, म्हणून एक समीकरण पडताळणीसाठी शिल्लक राहते. तीन हायड्रोफोनवर हे शिल्लक समीकरण जाते. शिवाय प्रत्येक वेळफरक स्रोताच्या शक्य जागांचा एक अपास्त वक्र (हायपरबोला) देतो, असे दोन वक्र कधी कधी दोन ठिकाणी छेदतात आणि खरे कोणते हे सांगायला काही उरत नाही.

आता घड्याळ. तुमच्या खोलीवर, २८ अंश सेल्सिअस आणि ३५ क्षारता धरली, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४१ मीटर येतो. म्हणजे एक मिलिसेकंद चुकला की दीड मीटर चुकला. चौथ्या यंत्राचा सहा दिवसांतला ०.५४ सेकंदांचा फरक अंतरात मांडला तर ८३२ मीटर होतो, आणि तुमचा चौरसच २०० मीटरचा आहे. घड्याळ म्हणून हे यंत्र वाईट नाही. ०.५४ सेकंद भागिले सहा दिवस म्हणजे दहा लाखांत साधारण एक भाग, एवढी अचूकता घड्याळातल्या चांगल्या स्फटिकालाच जमते. पण दहा लाखांत एक भाग चूक दिवसाला ८६ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे १३३ मीटर देते. जीपीएसशी घड्याळ एकदा जुळवले म्हणजे ते जुळलेलेच राहते, हा समज या कामात सर्वांत महाग पडतो.

तुमच्या चाचणीचे आकडे याच्याशी जुळतात. चाचणी यंत्रे सोडल्यावर चार तासांनी झाली. फरक सारख्या गतीने वाढला असे मानले, तर तोपर्यंत चौथे यंत्र १५ मिलिसेकंदांनी आणि दुसरे सुमारे ९ मिलिसेकंदांनी सरकले होते, म्हणजे अंतरात अनुक्रमे २३ आणि १३ मीटर. फरक प्रत्येक ठिकाणी एकाच दिशेचा असल्यामुळे सगळी उत्तरे एकाच बाजूला ओढली गेली. चाचणी पहिल्याच दिवशी केल्यामुळे दोष लहान दिसला. हीच आकडेमोड पाचव्या दिवसाच्या डॉल्फिनवर लावली असती, तर ते जमिनीवर सापडले असते.

सुदैवाने शेवटचा ठोका तुम्ही नोंदला आहे. सुरुवातीचा शून्य फरक आणि शेवटचा फरक या दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढून प्रत्येक यंत्राची वेळ दुरुस्त करा. स्फटिकाची गती तापमानाने बदलते, पण तळाजवळचे तापमान सहा दिवसांत फारसे हलत नाही, त्यामुळे सरळ रेषा बरीच चालेल. ती कितपत चालली, हे शेवटच्या दिवशीच्या आठ आवाजांवरून तपासता येईल. ते आठ आवाज तुमच्याजवळचा सर्वांत मोलाचा ऐवज आहेत.

तिसरी गोष्ट वेगाची. १,५०० ऐवजी १,५४१ धरला तर प्रत्येक अंतर सुमारे पावणेतीन टक्क्यांनी बदलते, म्हणजे १५० मीटरमागे चार मीटर. हा दोष मध्यम आहे, पण फुकटात दुरुस्त होणारा आहे. तापमानातील एका अंशाने तुमच्याकडे वेग सेकंदाला दोन-सव्वादोन मीटरने बदलतो, क्षारतेच्या एका एककाने सुमारे एक मीटरने. १२ मीटर खोलीचा परिणाम दुर्लक्ष करण्याजोगा आहे. खाडीच्या मुखाशी ओहोटीला गोडे पाणी बाहेर येत असेल तर क्षारता वेगळी धरावी लागेल. पावसाळ्यानंतर लगेच मोजले असते तर हा मुद्दा अधिक गंभीर झाला असता.

शेवटी चौरसाबाहेरच्या चुकीविषयी. ती तुमच्या यंत्रांमुळे कमी आणि भूमितीमुळे जास्त आहे. स्रोत दूर असला की येणारी ध्वनिलहर जवळजवळ सरळ रेषेसारखी होते. दिशा नीट कळते, पण अंतर त्या लहरीच्या किंचित वाकण्यावरूनच कळते, आणि त्यातून काढलेल्या अंतराची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. २०० मीटर पसरलेल्या हायड्रोफोनसाठी फक्त एक मिलिसेकंद चूक धरून पाहा. १ किलोमीटरवर आडव्या दिशेची चूक आठेक मीटर येते, तर अंतराची चूक सुमारे १५० मीटर. २ किलोमीटरवर अंतराची चूक सहाशे मीटरच्या पुढे जाते. म्हणून चौरसाबाहेरच्या शिट्टीसाठी नकाशावर एक टिंब ठेवू नका, लांबट विवृत्त (लंबवर्तुळ) काढा. तुमच्या प्रत्येक मोजमापाच्या अनिश्चिततेएवढे लहानमोठे बदल हजार वेळा करून हजार उत्तरे काढली की ते विवृत्त आपोआप दिसते, आणि वाचकालाही कळते की दिशा ठाम आहे, अंतर नाही.

तरंगलांबी

एक शंका. फक्त वेळफरकांऐवजी म्युझिकसारखी (MUSIC, अनेक हायड्रोफोनच्या नोंदी एकत्र घेऊन आवाजाची दिशा काढणारी) उच्च विभेदनाची पद्धत का वापरू नये? ती गोंगाटातही दोन स्रोत वेगळे करते असे शिकलो आहोत.

अपास्त

ती पद्धत वापरायला हायड्रोफोन एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे तरंगलांबीच्या लहानशा अंशापर्यंत माहीत असावे लागते. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी १५ सेंटिमीटर आहे, तिचा दहावा भाग दीड सेंटिमीटर. खाडीमुख यांना त्यांच्या हायड्रोफोनची जागा मीटरांत माहीत आहे, आणि दोरावर टांगलेला हायड्रोफोन भरती-ओहोटीने हलतोही. अंतर दोनशे मीटर असल्यामुळे एका दिशेऐवजी हजारो खोट्या दिशाही उभ्या राहतील, कारण त्या पद्धतीत शेजारी हायड्रोफोनमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या आत, म्हणजे आठेक सेंटिमीटरपेक्षा कमी हवे.

पुढच्या मोहिमेत एखादी कडक चौकट करून तिच्यावर चार हायड्रोफोन एकमेकांच्या अगदी जवळ, एकाच रेकॉर्डरला जोडून बसवले, तर घड्याळाचा प्रश्नच मिटतो आणि ही पद्धत चालते. मात्र मग हायड्रोफोनमधील कलेचा (फेजचा, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात किती पुढेमागे आहे याचा) फरक महत्त्वाचा होतो. अर्ध्या तरंगलांबीच्या जोडीत दहा अंशांचा कलादोष समोरच्या दिशेला सुमारे तीन अंशांची चूक देतो, म्हणजे ५०० मीटरवर २८ मीटर. दोष कोणता घातक ठरेल हे यंत्रापेक्षा पद्धतीवर अवलंबून असते. तिसऱ्या हायड्रोफोनची दबलेली केबल आज निरुपद्रवी आहे. चौकटीवरच्या मांडणीत तिच्यामुळे कला बदलली, तर ती घातक ठरू शकेल.

नांगरदोर

मी अनेक वर्षे किनाऱ्याजवळची मोजमापाची यंत्रे पाण्यात सोडण्याचे काम करतो, त्यामुळे हायड्रोफोनच्या जागेविषयी सांगतो. होडीवरून ठोकळा सुटला त्या क्षणाचा जीपीएस म्हणजे ठोकळ्याची जागा नव्हे. १२ मीटर खाली जायला ठोकळ्याला दहा-बारा सेकंद लागले आणि प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर तो पाच-सहा मीटर वाहून जाऊन बसतो. खाली तीन मीटरचा दोर प्रवाहात वीस अंश कलला तर हायड्रोफोन आणखी एक मीटर सरकतो, आणि भरतीला एका बाजूला तर ओहोटीला दुसऱ्या बाजूला. त्यात जीपीएसची स्वतःची तीन ते पाच मीटरची चूक मिळवा.

पुढच्या वेळी ठोकळा प्रवाह थांबतो त्या वेळी सोडा, तात्पुरता दोर ठेवून तो ताणून उभा धरा आणि मग होडी नेमकी वर आणून जागा नोंदा. ठोकळा जड घ्या. जाळे किंवा नांगर अडकला तर ठोकळा ओढला जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही. तेथील तांडेलांशी आधी बोलून घेतले तर निम्मी अडचण टळते. ते कोठे जाळी टाकतात हे तेच सांगतील आणि यंत्रांची जागा कळली तर बहुतेक जण बाजूने जातात.

आणखी एक गोष्ट. स्पीकर वाजवताना डॉल्फिन जवळ नाहीत याची खात्री करूनच वाजवावे आणि ते दिसले तर थांबावे. हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा वन विभागाची परवानगी आधी घेतलेली असणेच योग्य. शिवाय ज्यांचे वागणे पाहायचे आहे त्यांनाच आपल्या आवाजाने हलवणे संशोधनाच्याही विरुद्ध आहे.

दक्षिणसागर

ज्ञात जागेवरून मुद्दाम आवाज करून यंत्रणेचा दोष मोजणे, ही कल्पना किती दूरपर्यंत उपयोगी पडते याचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते, कारण खाडीमुख यांच्याजवळचे २४ आणि ८ आवाज हीच गोष्ट लहान प्रमाणावर आहेत.

१५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची पाणबुडी सान हुआन ४४ जणांसह बेपत्ता झाली. अण्वस्त्र चाचणीबंदी कराराच्या देखरेखीसाठी समुद्रात ठेवलेल्या दोन जलध्वनी केंद्रांनी, अटलांटिकमधील असेन्शन बेट आणि दक्षिण हिंदी महासागरातील क्रोझे बेटे येथील, त्या दिवशीचा एक क्षणिक, तीव्र आवाज नोंदला होता. केंद्रे घटनास्थळापासून सुमारे ६,००० आणि ८,००० किलोमीटर दूर होती. अशा केंद्रात तीन हायड्रोफोन एकमेकांपासून साधारण दोन किलोमीटरवर त्रिकोणात असतात आणि ते समुद्रातील ध्वनिवाहिनीच्या, म्हणजे ज्या थरातून आवाज फार दूरवर जातो त्याच्या, खोलीवर नांगरलेले असतात. एवढ्या लहान त्रिकोणावरून एवढ्या लांबचे पाहायचे तर एका मिलिसेकंदाची चूकही ६,००० किलोमीटरवर आडव्या दिशेत सुमारे साडेचार किलोमीटर होते. शिवाय वाटेत पाण्याच्या तापमानातील फरकाने लहरी वाकतात. हा दोष केंद्रातला नसून समुद्रातला आहे, म्हणून कोणत्याही हायड्रोफोनची दुरुस्ती करून तो जात नाही.

१ डिसेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाच्या नौदलाने त्या भागात ज्ञात जागी आणि ज्ञात वेळी एक स्फोटक टाकले, आणि त्याचाही आवाज दोन्ही केंद्रांवर पोहोचला. त्यामुळे दोन आवाजांची तुलना करता आली. दोघांची वाट जवळजवळ एकच, म्हणून वाटेतला दोष दोघांत जवळजवळ सारखाच, आणि वजाबाकीत तो बराचसा निघून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये पाणबुडीचे अवशेष सुमारे ९०० मीटर खोलीवर सापडले, त्याच भागात.

खाडीमुख यांनी यातून घ्यावे ते वजाबाकीचे तंत्र. एखादी शिट्टी त्यांच्या एखाद्या चाचणी-ठिकाणाच्या जवळून आली असेल, तर निरपेक्ष जागा काढण्याऐवजी त्या ठिकाणापासूनचे सापेक्ष अंतर काढावे. हायड्रोफोनच्या जागेची आणि वेगाची चूक दोन्हीत सारखी असल्यामुळे ती मोठ्या प्रमाणात रद्द होते.

अपास्त

दक्षिणसागर यांनी सांगितलेले तंत्र सर्व ठिकाणांना एकदम लावता येते. खाडीमुख, तुमचे अज्ञात मोजा. चार हायड्रोफोनच्या जागा म्हणजे आठ संख्या, पहिल्या यंत्राच्या तुलनेत उरलेल्या तीन घड्याळांचे फरक म्हणजे तीन, आणि ध्वनीचा वेग एक, असे एकूण बारा. प्रत्येक ज्ञात ठिकाणचा आवाज तीन वेळफरक देतो. म्हणजे तत्त्वतः चार आवाज पुरेत. तुमच्याकडे पहिल्याच दिवसाचे २४ आहेत, म्हणून ७२ समीकरणे. ती सर्व न वापरता निम्म्या आवाजांवरून हे बारा अज्ञात लघुतम वर्ग पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) काढा आणि उरलेल्या बारा आवाजांवर तपासा. ज्या आवाजांवरून दुरुस्ती केली त्यांच्यावरच अचूकता मोजली तर ती नेहमी फसवी चांगली दिसते. निवडलेले आवाज चौरसाच्या सर्व बाजूंना पसरलेले असावेत, एकाच बाजूचे असले तर एका दिशेतील जागा नीट ठरत नाही.

डॉल्फिनच्या शिट्ट्यांबाबत एक वेगळी सावधगिरी. कोकणच्या खडकाळ तळाजवळ स्नॅपिंग श्रिंप या लहान कोळंबीचा तडतडाट सतत असतो, तुम्हीही तो नोंदींत ऐकला असेल. पंजा इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात पोकळी तयार होते, आणि ती पोकळी कोसळताना हा आवाज होतो. पंज्यावर पंजा आपटल्याचा तो नसतो, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. एका मीटरवर त्याची पातळी १ मायक्रोपास्कलच्या संदर्भाने १९० डेसिबलच्या आसपास जाते. असा गोंगाट घंटाकृती वितरणाचा नसतो, मध्येच प्रचंड उसळ्या मारतो, आणि साध्या सहसंबंधात एखादी उसळी खोटे शिखर उभे करते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील मंदार चित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोंगाटात संकेत ओळखण्यावर सविस्तर काम केले आहे. तुमच्या कामापुरता उपाय सोपा आहे. सहसंबंध काढण्यापूर्वी ठरावीक मर्यादेपलीकडच्या उसळ्या छाटून टाका, आणि ज्या शिट्टीचे शिखर शेजारच्या शिखरापेक्षा स्पष्टपणे उंच नाही ती सरळ सोडून द्या.

पृष्ठभाग आणि तळ यांवरून परावर्तित झालेल्या आवाजांची चिंता मात्र फार करू नका. १२ मीटर पाण्यात, ५०० मीटरवरच्या स्रोतासाठी, पहिल्या काही परावर्तनांनी वाढलेली वाट जेमतेम मीटरभर, म्हणजे वेळेत सहा-सात दशांश मिलिसेकंद भरते. जवळच्या, शंभर मीटरवरच्या स्रोताला ती दोन-तीन मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकते, म्हणून तेथे सर्वांत आधी आलेले शिखर घ्या, सर्वांत उंच नव्हे.

खाडीमुख

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे यावर काम केले आणि जे निघाले ते सांगतो.

घड्याळांची रेषीय दुरुस्ती करून, पहिल्या दिवसाच्या बारा आवाजांवरून बारा अज्ञात काढले. ध्वनीचा वेग सेकंदाला १,५३९ मीटर आला. आम्ही तापमान मोजले होते, त्यावरून काढलेल्या वेगाशी तो जुळतो. हायड्रोफोनच्या जागा आमच्या नोंदीपासून अनुक्रमे ३, ५, ९ आणि ४ मीटर सरकलेल्या निघाल्या, आणि चारही सरकणे साधारण एकाच दिशेला आहे. नांगरदोर यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही वाहत्या ओहोटीत ठोकळे सोडले होते, आणि ती दिशा ओहोटीचीच आहे. बाजूला ठेवलेल्या बारा आवाजांवर तपासले तेव्हा चौरसाच्या आत चूक ३ ते ४ मीटर उरली. ६०० मीटरवर आडव्या दिशेत ५ मीटर आणि अंतरात ४५ मीटरपर्यंत.

शेवटच्या दिवशीच्या आठ आवाजांनी मात्र नवा प्रश्न उभा केला. पहिल्या तीन यंत्रांचे वेळफरक चांगले जुळतात, पण चौथ्याचे जुळत नाहीत. पूर्वेकडून केलेल्या आवाजांना ते यंत्र साडेचार मिलिसेकंद लवकर ऐकते आणि पश्चिमेकडून केलेल्यांना तेवढेच उशिरा. उत्तर-दक्षिणेकडच्या आवाजांना फरक जवळजवळ शून्य आहे. घड्याळाची रेषा चौथ्या यंत्रापुरती चुकली, असे म्हणावे का?

अपास्त

नाही. घड्याळ चुकले असते तर सर्व दिशांच्या आवाजांना फरक सारखाच आणि एकाच चिन्हाचा आला असता. पूर्वेला लवकर, पश्चिमेला उशिरा आणि मधल्या दिशांना शून्य, ही खूण यंत्राची जागा बदलल्याची आहे. साडेचार मिलिसेकंद गुणिले १,५३९, म्हणजे ते सुमारे सात मीटर पूर्वेकडे सरकले. तुमच्या घड्याळाची सरळ रेषा उलट यातून बरोबर ठरते, कारण दोन बाजूंच्या फरकांची सरासरी शून्य येते.

केव्हा सरकले हे शिट्ट्यांवरून शोधता येईल. प्रत्येक शिट्टीचे एक समीकरण शिल्लक राहते, ते किती न जुळते हे वेळेसमोर मांडून पाहा. एकट्या शिट्टीवरून कोणते यंत्र हलले हे ठरणार नाही, पण चौथे हलले हे तुम्हांला आठ आवाजांनी आधीच सांगितले आहे, त्यामुळे फक्त क्षण शोधायचा आहे.

नांगरदोर

सात मीटर पूर्वेला, म्हणजे किनाऱ्याच्या दिशेने. जाळ्यात किंवा नांगरात अडकून ठोकळा ओढला गेला असावा. सरकल्याचा क्षण सापडला की त्या वेळच्या नोंदीत चौथ्या यंत्रावर घासल्याचा किंवा आपटल्याचा आवाज आहे का, ते ऐका. दोराला धक्का बसला की तो आवाज हमखास येतो आणि शेजारच्या यंत्रांवर तो जवळजवळ नसतो.

खाडीमुख

सापडले. शिल्लक समीकरणाचा आलेख चौथ्या रात्री दोन ते तीनच्या दरम्यान एका पायरीसारखा वर जातो, आणि चौथ्या यंत्राच्या नोंदीत दोन वाजून चाळीस मिनिटांनी होडीचे इंजिन जवळ येते, काही सेकंद जोरात घासल्याचा आवाज येतो आणि इंजिन दूर जाते. त्या क्षणाच्या आधीसाठी पहिल्या दिवशी काढलेली जागा आणि नंतरसाठी शेवटच्या दिवशी काढलेली जागा, अशा दोन जागा चौथ्या यंत्राला देऊन सर्व शिट्ट्या पुन्हा सोडवत आहे. त्या तासातील शिट्ट्या वगळल्या आहेत. चौरसाच्या आतील शिट्ट्या नकाशावर टिंबांनी दाखवतो आणि बाहेरच्या विवृत्तांनी. ज्यांच्या विवृत्ताची लांबी १५० मीटरपेक्षा जास्त आहे त्यांची फक्त दिशा देतो, अंतर देत नाही.